चाळीसच्या वेगानं जोरण

उशीर केला म्हणून बोलणी खावी लागतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. लवकर पोहोचलं म्हणूनही खावी लागतात, आणि तीही छापील पावतीसकट, हे मात्र वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तेही मुलाच्या लग्नाला तीन दिवस राहिलेले असताना, अंगात रेशमी कुर्ता आणि खांद्यावर कोरा गामोसा असताना.

काम म्हणाल तर एवढंसं होतं. आमच्या दोलाजान चहाबागानातून सकाळी निघायचं, काझीरंगाच्या कडेनं जाणाऱ्या हमरस्त्यानं जखलाबंधाला मुलीच्या घरी पोहोचायचं, जोरण घालायचं आणि जेवून परत यायचं. जोरण म्हणजे मुलाच्या आईनं होणाऱ्या सुनेच्या भांगात तेल आणि सिंदूर घालायचा, दागिने आणि मेखेला-चादर, म्हणजे आमच्या बायकांचा साडीसारखा दुपदरी पोशाख, तिच्या हाती द्यायची. बरोबर दह्याच्या हंड्या, रोहूची जोडी आणि तामोल-पानाचं, म्हणजे सुपारी-पानाचं, तबक. हे झालं की मुलगी आपली. पुरोहितानं बजावलं होतं की तेल साडेअकराच्या आत पडलं पाहिजे, नंतरची वेळ चांगली नाही. आता सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या प्रवासाला कितीसा वेळ लागतो? मीही असंच म्हणालो होतो.

पण जुलै लागला होता आणि ब्रह्मपुत्रा काझीरंगात शिरली होती. जंगलात पाणी चढलं की गेंडे, हत्ती, हरणं सगळी रस्ता ओलांडून दक्षिणेला कार्बींच्या डोंगराकडे चढतात. तिथे कोरडं असतं. ती ओलांडताना गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून पुराच्या दिवसांत या रस्त्यावर वेळेचं कार्ड चालतं. पूर्वेच्या नाक्यावर तुम्हाला कार्ड देतात, त्यावर आत शिरल्याची वेळ असते. चाळीसच्या वेगानं गेलं तर पश्चिमेच्या नाक्यापर्यंत ऐंशी मिनिटं लागतात. ऐंशीच्या आत पोहोचलात तर गाडी हाणली असं ठरतं आणि दंड होतो. ऐंशीच्या वर दोन तास लावा, चार तास लावा, कोणी विचारत नाही.

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? आमच्या लोकांचा लाडका मंत्र आहे, ‘लाहे लाहे’. म्हणजे सावकाश, होईल हळूहळू. मी एकतीस वर्षं बागानाचा बडाबाबू, म्हणजे हेडक्लार्क आहे, आणि या दोन शब्दांशी भांडण्यात माझे केस पिकले. हजेरीला पाच मिनिटं उशीर झालेल्या माणसाला मी दाराबाहेर उभं केलं आहे. आणि आता सरकारनंच लाहे लाहेवर शिक्का मारून ते कार्ड माझ्या हातात ठेवायचं.

त्यात आमच्या बागानाची आणखी एक भानगड आहे. आमच्याकडे सूर्य फार लवकर उगवतो, म्हणून गोऱ्या साहेबांच्या काळापासून चहाबागानातली घड्याळं एक तास पुढे असतात. बागानात नऊ वाजलेले असतात तेव्हा फाटकाबाहेर, सगळ्या देशात, आठ. याला आम्ही बागान टाइम म्हणतो आणि बाहेरच्याला सरकारी टाइम. माझं मनगटी घड्याळ कायम बागान टाइमवर असतं. फाटकाबाहेर पडलो की मी मनातल्या मनात एक तास वजा करतो. त्यात माझी कधी चूक झाली नव्हती.

तर मी जोरणाचं रीतसर वेळापत्रक केलं आणि ते बैठकीच्या दाराला चिकटवलं. दोन रकाने. निघणं: बागान साडेआठ, सरकारी साडेसात. पूर्वेचा नाका: बागान नऊ दहा, सरकारी आठ दहा. पश्चिमेचा नाका: बागान दहा तीस, सरकारी नऊ तीस. मुलीचं घर: सरकारी पावणेदहा. तेल-सिंदूर: सरकारी साडेदहा, म्हणजे मुहूर्ताच्या चांगलं तासभर आधी. माझी बायको रेणुप्रभा ते वाचून म्हणाली, “श्वास कधी घ्यायचा ते लिहिलं नाहीत.” मी दुर्लक्ष केलं.

शेजारचे फॅक्टरीबाबू सोनेश्वर दत्त मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते, कारण ते वेळापत्रकासमोर खुर्ची ओढूनच बसले. त्यांच्याकडे कुठल्याही अडचणीवर तीन उपाय असतात आणि तिन्ही पोलिसांत जाण्याच्या लायकीचे असतात. पहिला उपाय, बागानाची रुग्णवाहिका काढा आणि माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे पद्मेश्वरी बायदेवला, पट्ट्या बांधून आत झोपवा. रुग्णाला कार्ड लागत नाही. दुसरा उपाय, ब्रह्मपुत्रेचा पूल ओलांडून उत्तर काठानं जा, फक्त दोनशे किलोमीटर जास्त. तिसरा उपाय, वनखात्याच्या रेंज कचेरीत अर्ज करून लवकर पोहोचण्याची खास परवानगी काढा. बायदेव तेव्हा तिथेच सुपारी कातरत बसली होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि दत्तबाबूंकडे असं पाहिलं की ते पहिला उपाय परत बोलले नाहीत.

तिसरा उपाय मला पटला, इथे माझे ग्रह फिरले म्हणायचे. मी अर्ज केला. कचेरीतला कारकून भला माणूस होता, त्यानं मला चहा दिला आणि नियमांचा कागद समोर धरला. परवानगी तीनच कारणांना होती: रुग्ण, दूध आणि परीक्षा. मी म्हणालो, दही आहे, दह्याला दुधात धरा. त्यानं किती लिटर विचारलं. दोन हंड्या म्हटल्यावर तो म्हणाला, तेवढं घरगुती समजतात. मी मासे पुढे केले. तो म्हणाला, नाशवंत मालाचं कलम होतं, पण गेल्या वर्षी काढून टाकलं. शेवटी मी म्हणालो, मुहूर्त टळला तर मुलीचं काय? त्यानं खरोखर विचार केला. मग हळूच म्हणाला, “बडाबाबू, नवरी मुलगी नाशवंतात नव्हतीच कधी.” आणि माझ्या अर्जावर ‘नियमाप्रमाणे’ असा शिक्का मारून दिला. दोन फेऱ्या, एक अख्खी शनिवारची सुट्टी आणि त्याचं फळ ‘नियमाप्रमाणे’.

आता या सगळ्यामागचं खरं दुखणं सांगतो. होणारी सून निजरा ही वनरक्षक आहे. खाकी कपडे, बूट, बंदूक, सगळं. माझ्या मुलानं, रक्तिमनं, तिला स्वतः पसंत केली आणि रेणुला ती पहिल्या भेटीतच आवडली. मलाही आवडली, मुख्य म्हणजे भेटायला सांगितलेल्या वेळेला आली. पण बायदेवचं मन बसेना. आमच्या घरात आई गेल्यापासून बायदेव म्हणेल ती पूर्व दिशा. तिचं म्हणणं, रस्त्यावर झेंडा घेऊन उभी राहणारी मुलगी घरात कधी उभी राहणार? पुरामुळे वनखात्यातल्या सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या आणि जोरणाच्या दिवशीसुद्धा निजराला सकाळची ड्युटी आहे, दहाला सुटेल, असा निरोप तिच्या वडिलांकडून आला, तेव्हा बायदेवनं फक्त “बघा” एवढंच म्हटलं. ‘बघा’ हा शब्द तिच्या तोंडून आला की आमच्या घरात दोन महिने काहीतरी बघावं लागतं. त्यातून मुहूर्त चुकला असता तर संपलंच. निजरानं पुढची चाळीस वर्षं कितीही चांगला संसार केला असता तरी प्रत्येक पडशा-खोकल्याला ‘जोरणाची वेळ टळली होती ना’ हे ऐकावं लागलं असतं. म्हणून माझा जीव त्या साडेअकरात अडकला होता.

निघालो तर वेळेवर. भाड्याची सुमो होती आणि चालवायला बिरसिंग तांती, बागानाच्या रुग्णवाहिकेचा चालक. बिरसिंग माणूस सोन्यासारखा, पण बावीस वर्षं त्यानं फक्त अडलेल्या बायका आणि साप चावलेले पुरुष वाहिले असल्यामुळे चाळीस हा आकडा त्याच्या उजव्या पायाला माहीतच नव्हता. बागानाचं फाटक सुटलं तसा तो ऐंशीवर गेला. मागच्या सीटवर बायदेव, रेणु आणि त्यांच्यामध्ये माशांची टोपली. दही माझ्या पायाशी. पहिल्याच वळणाला हंडीचं झाकण उडालं आणि थोडं दही माझ्या धोतरावर आलं. बायदेव म्हणाली, शकुन चांगला आहे.

पूर्वेच्या नाक्यावर पोहोचलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. रस्त्याच्या उजव्या अंगाला जिथे गवताचं रान असतं तिथे नुसतं पाणी, त्यातून झाडांचे शेंडे. नाका म्हणजे चार बांबू आणि एक ताडपत्री. खाली मोनेश्वर दोले नावाचा रक्षक, ढोपरापर्यंत चिखल, ओठ निळे पडलेले. तीन दिवस वीज नव्हती. नाक्यावरचं घड्याळ पाणी जाऊन बंद पडलेलं, त्याचं स्वतःचंही तसंच, मोबाइल मेलेला. आधीच्या गाडीवाल्यांना विचारून विचारून तो वेळ लिहीत होता. त्याची बोटं पाण्यानं पांढरी होऊन सुरकुतली होती आणि पेन काही केल्या त्यांत ठरेना.

“सर, तुमच्या खिशाला पेन आहे,” तो म्हणाला. “तेवढं भरून देता का? आम्हीच भरायचं असतं खरं तर. साहेबांनी पाहिलं तर माझं नाव कमी होईल. पण हात चालत नाही.”

मी विचारलं, घर कुठे? तर धनशिरी नदीच्या मुखाशी. होतं, असं तो म्हणाला. आता बायको आणि दोन मुली सहा दिवसांपासून बांधावर ताडपत्रीखाली आहेत. मी म्हणालो, मग सुट्टी घे. तो म्हणाला, सुट्ट्या बंद आहेत, आणि तो पडला हंगामी माणूस, एकदा नाव कमी झालं की परत लागत नाही. हे त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी कार्ड गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. माझं अक्षर सगळ्या जिल्ह्याच्या बागानांत प्रसिद्ध आहे, हे मी सांगणं बरं दिसत नाही. नेमकं तेव्हाच मागून बायदेवनं हाक मारली, “घना, माशांवरचा बर्फ वितळला, टोपलीतून पाणी गळतंय माझ्या पायावर. तू बघणार आहेस की नाही?” मी बघतो म्हणालो, मनगट वर केलं आणि वेळ लिहिली: ९.१२. आणि शेजारी, हिशेबाच्या सवयीनं, अक्षरी: नऊ वाजून बारा मिनिटे.

त्यानंतरच्या प्रवासाचं वर्णन करायला माझ्यापेक्षा सोशिक माणूस हवा. मी पुढे बसून वेगाच्या काट्यावर डोळे लावले होते. काटा बेचाळीसवर गेला की मी बिरसिंगच्या खांद्याला हात लावायचा, तो पाय उचलायचा, गाडी आचका द्यायची, दही हिंदकळायचं आणि मागून बायदेव मला काहीतरी ऐकवायची. आमच्या मागे कोळशाचा ट्रक लागला होता, त्याचा क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन आम्हाला बैलगाडीवाले म्हणत होता. बिरसिंगचे डोळे भरून आले. “बडाबाबू,” तो म्हणाला, “एखादा पेशंट असता तर किती बरं झालं असतं.”

कोहोरा गावाच्या अलीकडे एक गेंडीण पिलाला घेऊन भर रस्त्यात उभी होती. हॉर्न वाजवायचा नाही, उतरायचं नाही, नियम. इंजिन बंद करून बसलो. पिलू रस्त्याकडेच्या कोणाच्या तरी परसातली केळीची पानं खात होतं. घराचं फाटक उघडंच ठेवलेलं होतं. त्या बाजूला सगळ्याच घरांची फाटकं उघडी होती, एका पडवीत तर तीन हरणं बसली होती आणि घरातली म्हातारी काठी घेऊन कुत्र्यांना त्यांच्यापासून लांब ठेवत होती. बायदेवनं गेंडिणीला हात जोडले. मग पाच मिनिटांनी तिला विचारलं, बाई, तुझा मुहूर्त कितीचा आहे? गेंडीण हलली नाही. माशांचा वास येऊ लागला होता. मी घड्याळ बघत होतो आणि पहिल्यांदाच मला उशीर झाल्याचा आनंद होत होता, कारण ऐंशी मिनिटांचं भय तरी गेलं. शेवटी गेंडीण बाजूला झाली आणि आम्ही निघालो. उगाच शंका नको म्हणून शेवटचा टप्पा मी पस्तीसनं काढायला लावला.

पश्चिमेच्या नाक्यावर माझ्या घड्याळात दहा चाळीस झाले होते. अठ्ठ्याऐंशी मिनिटं. नियमापेक्षा आठ जास्तच. खरं सांगतो, मला शाबासकीची अपेक्षा होती. नाक्यावर चांगली पक्की चौकी होती, भिंतीला सेलवर चालणारं घड्याळ होतं आणि बाहेर काळा फळा. त्यावर खडूनं त्या दिवशी गाडी हाणणाऱ्यांची नावं, गावासकट. आदल्या रात्री एका ट्रकनं रस्त्यात हरीण उडवलं होतं, म्हणून त्या दिवशी सगळे फार कडक झाले होते. पावसाचा कोट घातलेल्या, गमबुटापर्यंत चिखलात माखलेल्या एका मुलीनं लाल झेंडा काखेत धरून आमचं कार्ड घेतलं, भिंतीकडे पाहिलं, परत कार्डाकडे पाहिलं.

“नऊ बाराला आत शिरलात,” ती म्हणाली. “आता नऊ चाळीस. अठ्ठावीस मिनिटं.”

त्रेपन्न किलोमीटर, अठ्ठावीस मिनिटांत. बिरसिंग हे ऐकून ताठ बसला. म्हणाला, ताई, मी आयुष्यात इतकी गाडी पळवली नाही, विंचू चावलेल्या मॅनेजरसाहेबांनाही नाही. आणि मागून रेणुनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. ती मुलगी निजरा होती.

तिनंही तेव्हाच आत पाहिलं. आधी मला, मग रेणुला, मग बायदेवला. चिखल लागलेला हात तिनं नकळत कोटाला पुसला, पण वाकली नाही, नमस्कार केला नाही. दहापर्यंत ती ड्युटीवर होती. माझं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. मी माझ्या मनगटाकडे बघत होतो. तिथे दहा चाळीस, भिंतीवर नऊ चाळीस. एकतीस वर्षं जो तास मी वजा करत आलो, तो त्या एका क्षणी, माशांच्या पाण्यापायी, माझा वजा करायचा राहिला होता. मी कार्डावर बागान टाइम लिहिला होता. दारावर दोन रकान्यांचं वेळापत्रक चिकटवणाऱ्या माणसानं.

बायदेवला यातलं काही माहीत नव्हतं, पण तिला गुन्हेगार सापडला होता. ती म्हणाली, त्या पहिल्या नाक्यावरच्या माणसाचाच घोळ असणार, थरथरत होता नुसता, त्याला धड दिसत तरी होतं का? त्याचं नाव घ्या, घना, आणि चला, वेळ जातोय.

निजरा कार्डाकडे पाहत राहिली. लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांना मी चार पानी पत्र लिहिलं होतं. कोण कधी येणार, कोण कुठे बसणार, सगळ्या वेळा आकड्यात आणि शेजारी अक्षरी. ते पत्र त्यांच्या घरी सगळ्यांनी वाचलं होतं, बहुधा हसले पण होते. तिनं ते नऊ वाजून बारा मिनिटे वाचलं, मग तिची नजर माझ्या मनगटावर आली. इथल्या माणसाला बागान टाइम समजावून सांगावा लागत नाही. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं.

“सर,” ती अगदी सरकारी आवाजात म्हणाली, “कार्ड चुकीचं भरलंय असं तुमचं म्हणणं असेल तर मी तसं लिहून घेते. साहेब येतील, पहिल्या नाक्यावरून मोनेश्वरदांना बोलावतील, कोणी भरलं याची चौकशी होईल. तुम्ही मोकळे. नाहीतर कार्डावर आहे तेच खरं धरायचं.”

म्हणजे बघा माझी दशा. एक वाक्य बोललो की मी सुटत होतो: साहेब, ही वेळ मीच लिहिली, माझं घड्याळ तासानं पुढे आहे. खरं तेवढंच होतं. पण कार्ड गाडीवाल्याला भरायला दिलं म्हणून तो दोले गेला असता घरी, आणि घर तर पाण्यात होतं. न बोलावं तर मी, घनकांत काकती, ज्यानं कधी कोणाला पाच मिनिटं माफ केली नाहीत, तो हरणांच्या रस्त्यावर गाडी हाणणारा ठरत होतो. सुनेसमोर. फळ्यावर, खडूनं. आणि फॅक्टरीबाबू दर शनिवारी याच रस्त्यानं सासुरवाडीला जातात. मला त्या मुलीचा राग आला, दोलेचा आला, पुराचा आला, गोऱ्या साहेबांनी शंभर वर्षांपूर्वी घड्याळ पुढे केलं त्याचा आला. मला अगदी रडू यायचं बाकी होतं. खोटी नोंद म्हणून मी कधी एक ओळ लिहिली नव्हती, आणि आता खोटी नोंद माझ्याच नावावर पडायची होती. पण ताडपत्रीखालच्या त्या दोन मुली काही डोळ्यांपुढून हलेनात. किती वर्षांच्या, तेही मी विचारलं नव्हतं.

“बोल ना, घना,” बायदेव म्हणाली.

“कार्डावर आहे ते मला मान्य आहे,” मी म्हणालो. उदारपणे म्हणालो असं कोणी समजू नये. चरफडत म्हणालो.

बिरसिंगनं तोंड उघडलं, मी त्याला हातानं गप्प केलं. निजरानं फॉर्मचं पॅड काढलं. माझ्याकडे न बघता एकेक रकाना विचारत गेली. नाव? वडिलांचं नाव? गाव? व्यवसाय? बडाबाबू, मी म्हणालो, आणि तो शब्द इतका लहान मला कधी वाटला नव्हता. चालकाचं नाव? गाडीत किती माणसं? गाडीत काय माल? दही, मी म्हणालो, मासे, तामोल-पान, कपडे, एक सिंदुराची डबी. तिनं सगळं लिहिलं, डबीसुद्धा.

“प्रवासाचं कारण?”

आमच्या मागे गाड्यांची रांग लागली होती आणि कोळशाच्या ट्रकचा तो क्लीनर उतरून बघायला आला होता.

“सुनेला जोरण घालायला चाललोय,” मी म्हणालो.

तिचं पेन थांबलं. मग तिनं ते वाक्य लिहिलं, हळूहळू, एकही शब्द न गाळता. त्या अरुंद रकान्यात ते मावेना, तेव्हा समासात नेऊन पुरं केलं. फळ्यापाशी गेली आणि त्याच अक्षरात माझं नाव लिहिलं, गावासकट, अठ्ठावीस मिनिटांसकट. एक अक्षर बारीक केलं नाही. मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही. परत येऊन तिनं पॅड माझ्यापुढे धरलं. आतापर्यंत मी तिच्यासाठी ‘सर’ होतो.

“देउता,” ती म्हणाली. मुलं वडिलांना म्हणतात तसं. “इथे सही करा. आणि सहीखाली वेळ घाला.”

मी सवयीनं मनगट वर केलं. मग बाही खाली ओढली.

“किती वाजले, माजनी?” मी विचारलं. लेकीला म्हणतात तसं.

तिनं भिंतीकडे पाहिलं. “दहाला पाच कमी.”

मी तेवढी लिहिली. दहा वाजता तिची ड्युटी संपणार होती आणि तिची सायकल चौकीला टेकून उभी होती. घर दोन किलोमीटरवर, वर पाऊस. रीतीप्रमाणे मुलीनं घरी न्हाऊन बसलेलं असायला हवं आणि आम्ही तिथे जायला हवं, वाटेत तिला सोबत घेणं कुठल्याच शास्त्रात नाही. मी बायदेवकडे पाहिलं. बायदेव बराच वेळ माझ्या ओढलेल्या बाहीकडे बघत होती. ती मूर्ख कधीच नव्हती.

“सायकलनं येणार कधी, न्हाणार कधी आणि तेल पडणार कधी,” ती कोणाकडेच न बघता म्हणाली. मग तिनं माशांची ओली टोपली स्वतःच्या रेशमी मेखेल्यावर, मांडीवर घेतली, आणि सीटवर सरकून आपल्या शेजारी जागा केली. बिरसिंगनं इंजिन बंद केलं, आणि आम्ही ती पाच मिनिटं थांबलो.